‘आपले नियमित काम सांभाळून’

सरकारी, निमसरकारी आणि आता खाजगी कचेऱ्यांतूनही जी परिपत्रके निघतात, त्यांतील एक शब्दप्रयोग इतका रुळला आहे की वाचताना कोणाची नजर त्यावर अडत नाही. एखादी मोहीम हाती घ्यायची असते, चार खात्यांची मिळून समिती नेमायची असते किंवा कार्यालयात नवी संगणकप्रणाली बसवायची असते. मग आस्थापना शाखेतून एक, लेखाशाखेतून एक, भांडारातून एक आणि प्रत्यक्ष कामाच्या शाखेतून दोन अशी नावे निवडली जातात आणि आदेशाच्या शेवटी लिहिले जाते की, सदर कर्मचाऱ्यांनी ‘आपले नियमित काम सांभाळून’ ही जबाबदारी पार पाडावी. वाक्य निरुपद्रवी दिसते. परंतु अशा संयुक्त कामांचे पुढे काय होते याचा शोध घेऊ लागले, की बहुतेक वेळा बोट याच चार शब्दांवर येऊन थांबते.

हे चार शब्द एक साधा हिशेब टाळतात. ज्या कारकुनाच्या मेजावर आवक टपालाचा ढीग रोज वाढतो, त्याचा कामाचा दिवस समितीवर नाव आल्यामुळे तासाभराने लांबत नाही. तेव्हा समितीसाठी लागणारा वेळ कोठून तरी काढावाच लागतो. तो त्याच्या स्वतःच्या मेजावरून काढावा, तर तेथील प्रकरणे तुंबतात आणि त्याचा वरिष्ठ जाब विचारतो. समितीच्या कामातून काढावा, तर जाब विचारणारे कोणीच नसते. कारण त्याचा कार्यमूल्यमापन अहवाल समितीचा अध्यक्ष लिहीत नाही, त्याच्या शाखेचा अधिकारी लिहितो. अशा स्थितीत कोणता शहाणा माणूस कोणत्या कामाला झुकते माप देईल, हे सांगायला व्यवस्थापनशास्त्राच्या ग्रंथांची गरज नाही. पहिल्या बैठकीला तो जातो, दुसऱ्या बैठकीला आपल्याऐवजी कनिष्ठाला धाडतो, तिसऱ्या बैठकीच्या वेळी तो कनिष्ठही रजेवर असतो. चौथ्या बैठकीत मागील इतिवृत्त कायम करण्यापलीकडे काही घडत नाही आणि ‘कर्मचाऱ्यांत उत्साहाचा अभाव आहे’ असा शेरा कोठेतरी नोंदला जातो.

हा उत्साहाचा अभाव म्हणजे नेमके काय, हे थोडे खोलात जाऊन पाहण्यासारखे आहे. घरचे खाऊन लष्कराच्या भाकरी भाजायला माणसे तयार नसतात असे आपल्याकडे गृहीत धरले जाते. वास्तविक अनुभव तसा नाही. लष्कराच्या भाकरी याच देशातील शिक्षकांनी, कारकुनांनी आणि अंगणवाडी सेविकांनी वर्षानुवर्षे भाजल्या आहेत, आणि त्या उत्तम भाजल्या आहेत. त्यासाठी पल्स पोलिओ मोहिमेचे उदाहरण पुरेसे ठरावे. १९९५ च्या डिसेंबरात या मोहिमेची पहिली देशव्यापी फेरी झाली. आरोग्यखात्याची परिचारिका, अंगणवाडी सेविका, प्राथमिक शिक्षक आणि एखादा स्वयंसेवक अशी निरनिराळ्या खात्यांतली माणसे एका केंद्रावर बसली. त्यांच्यापैकी कोणाचेही हे ‘नियमित काम’ नव्हते. परिचारिकेच्या बाबतीतही पाच वर्षांखालील प्रत्येक मुलाला एकाच दिवशी गाठणे ही गोष्ट रोजच्या लसीकरणाहून वेगळीच होती. तरीही फेऱ्यांमागून फेऱ्या झाल्या. या देशातील रानटी विषाणूच्या पोलिओचा शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ रोजी हावडा जिल्ह्यात नोंदला गेला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारतासह जागतिक आरोग्य संघटनेचा आग्नेय आशिया विभाग पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला.

हे कसे साधले याची चर्चा करताना लसीचा, निधीचा आणि राजकीय इच्छाशक्तीचा उल्लेख होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु कामाच्या रचनेकडे मात्र फारसे कोणी पाहत नाही. केंद्राचा दिवस रविवार असे. म्हणजे शिक्षकाच्या वर्गाला किंवा कारकुनाच्या मेजाला त्या दिवशी धक्का लागत नसे. हा रविवार कर्मचाऱ्याच्या घरातून घेतलेला असे, हे खरे. त्याची किंमत पुढे येईलच. पण काम कोठे सुरू होते आणि कोठे संपते, हे स्पष्ट होते. सकाळी लसवाहक पेटी यायची, बाळाच्या डाव्या हाताच्या करंगळीवर खूण व्हायची, संध्याकाळी नोंदपत्रकावरील रेघा मोजल्या जायच्या. पुढील दिवसांत पथके घरोघर जात आणि दारावर खडूने ‘पी’ किंवा ‘एक्स’ लिहीत. सर्व मुलांना डोस मिळालेले घर ‘पी’, आणि मूल राहून गेलेले, कुलूप असलेले किंवा नकार मिळालेले घर ‘एक्स’. ‘एक्स’ घरांकडे पुन्हा जायचे. या दोन अक्षरांत एक मोठी गोष्ट होती. आपल्या कामाचा परिणाम पाहण्यासाठी त्या पथकाला मुंबईहून किंवा दिल्लीहून येणाऱ्या अहवालाची वाट पाहावी लागत नव्हती. गल्लीतल्या दारांकडे नजर टाकली की काम किती उरले ते कळत होते.

या मोहिमेचे सारेच गुणगान करावे असेही नाही. फेऱ्या वाढत गेल्या तशी आरोग्यकर्मचाऱ्यांची शक्ती तिकडे खेचली जाते आणि गोवर-घटसर्पाच्या नियमित लसीकरणाकडे दुर्लक्ष होते, ही टीका त्या काळातच झाली होती. ती अनाठायी नव्हती. वर्षातून दोन रविवार मागणे वेगळे आणि दर महिन्या-दोन महिन्यांनी मागणे वेगळे. तात्पुरत्या कामाला सवयीचे रूप आले की ते तात्पुरते राहत नाही, हे परिपत्रक काढणाऱ्याच्या ध्यानात येण्याआधी ज्याच्यावर ते बजावले जाते त्याच्या ध्यानात येते.

याहूनही बोलके उदाहरण निवडणुकीच्या कामाचे आहे, कारण तेथे एकाच खात्याच्या दोन कामांची तुलना करता येते. मतदानकेंद्रावर जे पथक असते ते जवळजवळ सर्वस्वी अनोळखी माणसांचे असते. केंद्राध्यक्ष पाटबंधारे खात्यातला, पहिला मतदान अधिकारी माध्यमिक शिक्षक, दुसरा जिल्हा परिषदेचा लिपिक, तिसरा राष्ट्रीयीकृत बँकेतला. आदल्या दिवशी साहित्यवाटपाच्या मांडवात ते एकमेकांना शोधून काढतात, एका वाहनातून एखाद्या शाळेत पोचतात, तेथेच रात्र काढतात (जेवणाचे काय, हा प्रश्न त्या त्या गावच्या दयाबुद्धीवर सोपवलेला असतो) आणि पहाटे उठून कामाला लागतात. एकाने यादीतले नाव शोधून ओळख पटवायची, दुसऱ्याने बोटाला शाई लावून नोंदवहीत सही घ्यायची, तिसऱ्याने यंत्राचे नियंत्रण सांभाळायचे, आणि केंद्राध्यक्षाने या सर्वांवर लक्ष ठेवून शेवटी नोंदवलेल्या मतांचा हिशेब करायचा. कोणत्याही उद्योगसमूहाला हेवा वाटावा असे हे आंतरविभागीय पथक आहे. त्याची उभारणी दोन-तीन प्रशिक्षणांत होते, ते दीड दिवसात आपले काम पुरे करते, आणि साहित्य जमा केल्याची पोचपावती हाती पडताच विसर्जित होते.

या पथकाची मुळे संविधानाच्या कलम ३२४ मध्ये आणि लोकप्रतिनिधित्वाच्या कायद्यांत आहेत. १९८९ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने असे स्पष्ट केले की, निवडणुकीच्या कामावर असलेले अधिकारी-कर्मचारी त्या कालावधीपुरते निवडणूक आयोगाकडे प्रतिनियुक्तीवर आहेत असे मानले जाईल आणि ते आयोगाच्या नियंत्रणाखाली व शिस्तीखाली राहतील. म्हणजे ‘या दिवसांपुरता तू कोणाचा माणूस?’ या प्रश्नाचे उत्तर कायद्यानेच देऊन टाकले. मतदानाच्या दिवशी कार्यालये व शाळा बंद असल्याने मूळ मेजाचा धोशाही मागे राहत नाही.

आता दुसरे काम पाहावे. मतदारयाद्या तयार करणे व त्यांची फेरतपासणी करणे हेही त्याच आयोगाचे काम, आणि प्रतिनियुक्तीचे तेच तत्त्व १९८९ च्या त्याच दुरुस्तीने याही कामाला लागू आहे. परंतु मतदानकेंद्रस्तरीय अधिकारी म्हणून नेमलेल्या शिक्षकाला वा लिपिकाला त्याच्या मूळ कामातून सहसा मोकळे केले जात नाही. शाळा सुटल्यावर, सुटीच्या दिवशी, रात्री घरी बसून ते काम व्हायचे असते. ते दीड दिवसाचे नसते. मुदती वाढतात, नमुने बदलतात, दुरुस्त्या येत राहतात. तीच माणसे, तोच कायदा, तीच यंत्रणा. तरी पहिल्या कामाबद्दल कुरकुर झाली तरी अभिमानही ऐकू येतो आणि दुसऱ्याबद्दल नुसती कुरकुरच ऐकू येते. या फरकाचे मूळ माणसांच्या वृत्तीत शोधण्यात अर्थ नाही. पहिल्या कामात दिवस रिकामा करून दिलेला असतो, दुसऱ्यात तो ज्याचा त्याने शोधायचा असतो.

हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. दिल्लीतील एका शाळेच्या प्रकरणात २००७ च्या डिसेंबरात न्यायालयाने शिक्षकांना मतदारयादीच्या कामावर सुटीच्या व अध्यापन नसलेल्या दिवशी लावावे, अध्यापनाच्या दिवशी व वेळी लावू नये, अशी भूमिका घेतली. पुढे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ ने दशवार्षिक जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज कोणत्याही शिक्षणेतर कामाला शिक्षक जुंपण्यास मनाई केली. मुलांचा वर्ग वाचवण्याच्या दृष्टीने दोन्ही गोष्टी स्वागतार्हच होत. पण न्यायालयाने मुलांचा तास वाचवला तो शिक्षकाचा रविवार खर्ची घालून, हेही नजरेआड करता येत नाही. आणि कायद्याने जे तीन अपवाद ठेवले, तेच नेमके सर्वात मोठे, सर्वात लांबणारे आणि सर्वाधिक माणसे मागणारे आहेत.

प्रशासनाची बाजूही ऐकली पाहिजे. २०११ च्या जनगणनेला सुमारे सत्तावीस लाख प्रगणक व पर्यवेक्षक लागले. लिहितावाचता येणारी, गावाचा विश्वास असलेली आणि चुकले तर जबाब देऊ शकतील अशी एवढी माणसे शाळा व कचेऱ्यांखेरीज कोठून आणायची? भाडोत्री माणसे नेमून हे काम होईल असे म्हणणाऱ्यांनी मतदारयादी किंवा जनगणनेचा कागद एकदा भरून पाहावा. तेव्हा माणसे मागूच नयेत ही भूमिका टिकणारी नाही. माणूस मागताना त्याच्या मागे राहिलेल्या कामाची व्यवस्था मागणाऱ्याने करायची की नाही, वाद एवढाच आहे.

खाजगी उद्योगांत हा प्रश्न वेगळ्या पोशाखात वावरतो. मोटारीचे नवे प्रारूप तयार करायचे तर इंजिन, सांगाडा, विद्युतयंत्रणा, उत्पादन, खरेदी आणि विक्री अशा साऱ्या विभागांची माणसे एकत्र आणावी लागतात. जपानच्या टोयोटा कंपनीने यासाठी ‘शुसा’ म्हणजे मुख्य अभियंता ही पद्धत रूढ केली. १९६६ साली बाजारात आलेल्या पहिल्या कोरोला मोटारीचे शुसा तात्सुओ हासेगावा हे मूळचे विमानांचे अभियंते. या पद्धतीतील मौजेची गोष्ट अशी की, मोटारीच्या यशापयशाची सारी जबाबदारी शुसावर असे. मात्र निरनिराळ्या विभागांत विखुरलेल्या अभियंत्यांवर त्याची थेट हुकमत नसे. ते अभियंते आपापल्या विभागप्रमुखाचेच राहत. शुसाला आपले काम ज्ञानाच्या व मनधरणीच्या बळावर करून घ्यावे लागे. तथापि त्याच्या पाठीशी कंपनीच्या सर्वोच्च व्यवस्थापनाचे वजन होते आणि विभागप्रमुखांना ते ठाऊक होते. आपल्याकडे समितीच्या अध्यक्षाला हुकमत नसते, हे शुसासारखेच झाले. ते वजनही नसते, एवढाच फरक आहे.

अमेरिकेतील स्टीव्हन व्हीलराइट आणि किम क्लार्क या अभ्यासकांनी १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या संदर्भात एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. एका अभियंत्याकडे एक प्रकल्प असेल तर मधल्या प्रतीक्षेचा काही वेळ वाया जातो. दोन दिले तर एकाची वाट पाहताना तो दुसरे काम करतो आणि उपयुक्त कामाचे प्रमाण वाढते. तिसऱ्या प्रकल्पापासून मात्र ते घसरू लागते, आणि चौथ्या-पाचव्यात तर माणसाचा वेळ बैठकांत, निरोपांत आणि ‘हे कोठवर आले होते’ ते आठवण्यात जातो. हे निरीक्षण अभियंत्यांचे आहे. ते जसेच्या तसे तलाठ्याला किंवा मुख्याध्यापकाला लावता येणार नाही. पण एकाच माणसाचे नाव पाच समित्यांवर पाहण्याची सवय असलेल्या वाचकाला त्यातील सत्य पटायला वेळ लागू नये. पाच समित्यांवर नेहमी तोच माणूस का असतो, हेही कार्यालयात सर्वांना ठाऊक असते. तो ‘नाही’ म्हणत नाही आणि काम करून टाकतो. जो आठवड्यातून दोन दिवस जागेवर सापडत नाही, त्याला कोणी समितीवर घेत नाही. चांगल्या कामाचे बक्षीस म्हणून आणखी काम देण्याच्या या रीतीने कार्यालयातील उत्तम माणसे लवकर थकतात आणि इतरांना शहाणपणाचा धडा मिळतो.

महाराष्ट्राच्या प्रशासनात याच्या उलट घडल्याचेही उदाहरण आहे. १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात तेव्हाच्या अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कार्यालयाच्या पुनर्रचनेचा प्रयोग केला. तो पुढे ‘लखिना पॅटर्न’ म्हणून राज्यभर ओळखला गेला. बैठकव्यवस्था, दफ्तराची वर्गवारी, कोणाकडे कोणते काम याची स्पष्ट नोंद, अशा गोष्टींवर त्यात भर होता. वर्षानुवर्षे कपाटांवर आणि कपाटांखाली साठलेले गठ्ठे सोडवून त्यांची अ, ब, क, ड अशी लावणी करणे हे काम एका शाखेचे नव्हते, साऱ्या कार्यालयाचे होते. आणि ते रोजच्या कामाच्या जोडीनेच करावे लागणार होते. तरीही ते झाले. याचे श्रेय अधिकाऱ्याच्या व्यक्तिमत्त्वाला देऊन मोकळे होण्याचा मोह होतो, आणि व्यक्तिमत्त्वाचा वाटा नव्हता असे कोणी म्हणणार नाही. परंतु दुसरे कारण अधिक टिकाऊ आहे. त्या श्रमांचे फळ श्रम करणाऱ्याच्याच मेजावर परत येत होते. जुनी नस्ती शोधण्यात ज्याचा अर्धा दिवस जात असे, त्याचाच अर्धा दिवस वाचणार होता. पुढे अनेक कार्यालयांत या पद्धतीची नक्कल झाली. जेथे ती रंगरंगोटी आणि नामफलकांपुरती झाली, तेथे काही वर्षांत कपाटांखाली पुन्हा गठ्ठे दिसू लागले.

ही सारी उदाहरणे एकत्र ठेवली की आदेश कसा असावा, हे बरेचसे उमगते. समितीवर नाव घालताना आठवड्यातील कोणते दिवस किंवा कोणते तास त्या कामाचे, हे लिहावे. त्या तासांत त्याचे मूळ मेज कोण पाहील त्याचे नाव लिहावे, आणि कोणी पाहणार नसेल तर त्या मेजावरचे कोणते काम या काळात उशिरा झाले तरी चालेल, ते त्याच्या वरिष्ठाच्या सहीने लिहावे. हे शेवटचे कलम सर्वात अवघड, कारण कोणतेही काम उशिरा झाले तरी चालेल असे लेखी देण्यास कोणताही अधिकारी धजत नाही. सारेच तातडीचे असते. पण वरिष्ठाला जे कागदावर कबूल करवत नाही, ते कनिष्ठाने मनातल्या मनात ठरवावे अशी अपेक्षा त्या चार शब्दांत दडलेली आहे. आणि चुकले तर दोष मात्र कनिष्ठाचा.

आणखी एक गोष्ट. बहुतेक संयुक्त कामांत कर्मचाऱ्याला बोलावले जाते ते आराखडा पुरा झाल्यावर, अंमलबजावणीपुरते. नमुन्यातील सातवा रकाना आणि अकरावा रकाना एकच माहिती मागतात, हे पहिला अर्ज भरणाऱ्या लिपिकाला दहा मिनिटांत कळते. पण तोवर नमुने छापून झालेले असतात किंवा प्रणाली बसवून झालेली असते. ज्याला सुरुवातीला विचारले, तो माणूस पुढे हाक मारल्याविना येतो, असा अनेक मुख्याध्यापकांचा आणि कार्यालय-अधीक्षकांचा अनुभव आहे. विचारायला फार खर्च लागत नाही. अर्ध्या दिवसाची एक बैठक लागते, आणि त्या बैठकीत वरिष्ठांनी थोडे कमी बोलावे लागते.

याची पुढील परीक्षा दूर नाही. कोविडच्या साथीमुळे २०२१ ची जनगणना लांबली. केंद्र सरकारच्या जून २०२५ मधील अधिसूचनेनुसार नव्या जनगणनेचा संदर्भदिन देशाच्या बहुतांश भागासाठी १ मार्च २०२७ हा आहे. फेब्रुवारी-मार्च म्हणजे शाळांत वार्षिक परीक्षांचे दिवस. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टानुसार पहिली ते पाचवीच्या ज्या शाळेत साठपर्यंत मुले आहेत तेथे दोन शिक्षक असावेत, आणि महाराष्ट्रातील वाड्यावस्त्यांवरील असंख्य शाळा अशाच दोनशिक्षकी आहेत. त्यांपैकी एक शिक्षक प्रगणक झाला की साऱ्या इयत्ता एका फळ्यासमोर बसणार. जनगणना झालीच पाहिजे, आणि गावातली घरे त्या शिक्षकाइतकी दुसऱ्या कोणाला ठाऊकही नसतील. जिल्हा परिषदेच्या शिक्षण विभागाने शेजारच्या मोठ्या शाळेतील कोणत्या शिक्षकाने कोणत्या वारी त्या वस्तीवर जायचे, याचे तक्ते आतापासून करायला घेतले, तर त्या दुसऱ्या वर्गखोलीचे दार उघडे राहील.